बाबांच्या पासवर्डच्या वहीचं काय करू?

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत, एकटे राहतात. ईमेल, बँक, फोटो, मेसेज सगळं स्वतः बघतात. मागच्या महिन्यात ‘तुमचं खातं आज रात्री बंद होईल’ असा मेसेज आला आणि त्यातली लिंक उघडून त्यांनी बँकेचं युजरनेम, पासवर्ड भरला. ओटीपी मागितल्यावर त्यांना शंका आली आणि त्यांनी मला फोन केला. पैसे गेले नाहीत. मी लगेच पासवर्ड बदलला. पण त्या निमित्ताने त्यांची वही हाती लागली. प्रत्येक खात्याचा पासवर्ड त्यात लिहिलेला आणि सगळीकडे जवळपास एकच, फक्त शेवटचं साल वेगळं. मी म्हटलं, ही वही फाडून टाकू. सगळे पासवर्ड माझ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, ठेवते, सगळ्या खात्यांना माझा नंबर जोडते, लागेल तेव्हा मला विचारा. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे आलेलं पत्र उघडायलाही आता तुला विचारायचं?” तेव्हापासून नीट बोलत नाहीत. भाऊ म्हणतो, तू बरोबर करतेयस. आणखी एक, त्यांना न सांगता मी त्यांचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपवर जोडून ठेवलंय, फसवणुकीचे मेसेज आले तर मला आधी कळावं म्हणून. त्यांची सुरक्षितता मोठी की त्यांचं मन?

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा मागे जाऊन वाचलं. ‘ओटीपी मागितल्यावर त्यांना शंका आली आणि त्यांनी मला फोन केला.’ तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण पैसे वाचले ते याच्यामुळे. पासवर्ड गेलेला असताना, समोर ‘आज रात्री’ची घाई असताना, ते थांबले. आणि थांबल्यावर चूक लपवून न ठेवता मुलीला फोन केला. ही सवय पुढची दहा वर्षं टिकली पाहिजे, बाकी सगळं नंतर शिकता येतं. म्हणून तुमच्या प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न विचारणार आहे : हे केल्यावर पुढच्या वेळी ते फोन करतील का?

आधी वयाचं बोलू. ‘वय झालंय म्हणून फसले’ असं तुम्ही स्पष्ट लिहिलेलं नाही, पण तुमची सगळी योजना त्यावर उभी आहे. ट्रॉय हंट हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं असेल. कुठला ईमेल पत्ता कुठल्या डेटागळतीत सापडला हे सांगणारी ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट त्यांनी २०१३ साली सुरू केली. जगभरच्या लोकांना सुरक्षिततेचे धडे देणारा हा माणूस. मार्च २०२५ मध्ये तेच एका बनावट ईमेलला फसले, पासवर्ड भरला, वर ओटीपीही भरला, आणि त्यांच्या वाचकांची सुमारे १६ हजार पत्त्यांची यादी चोरीला गेली. प्रवासाने थकलेले होते, झोप झालेली नव्हती. तुमचे वडील ओटीपीशी थांबले, हंट नाही थांबले. थकवा, घाई आणि भीती यांचा मेळ जमला की कुणाचंही बोट चुकीच्या जागी पडतं, तुमचंसुद्धा.

आता वही. माझं मत सरळ सांगते : वही फाडू नका.

पासवर्ड कागदावर लिहिणं म्हणजे मोठा गुन्हा, हे आपल्या मनावर कार्यालयांनी बिंबवलेलं आहे, आणि कार्यालयात ते योग्यच होतं, कारण टेबलापाशी शंभर माणसं येतात-जातात. घरातली वही वाचायला चोराला घरात यावं लागतं. वडिलांच्या खात्यांवर जो हल्ला होईल तो मात्र दुसऱ्या खंडातल्या एखाद्या संगणकावरून होईल, आणि त्या संगणकाला कपाटातली वही दिसत नाही. ब्रूस श्नायरसारख्या सुरक्षातज्ज्ञाने २००५ सालीच लिहून ठेवलंय की लोकांनी चांगले पासवर्ड निवडावेत आणि ते कागदावर लिहून पाकिटात जपावेत, कारण कागदाचे तुकडे जपण्यात आपण सगळे वाकबगार आहोत.

वहीत खरी अडचण आहे ती एकाच पासवर्डची. हल्ला कसा होतो ते बघा. कुठल्या तरी विसरलेल्या खरेदीच्या साइटवरून ईमेल आणि पासवर्डांच्या लाखो जोड्या चोरीला जातात. मग एक प्रोग्रॅम त्या जोड्या ईमेलवर, बँकेवर, सोशल मीडियावर, दिसेल त्या दारावर लावून बघतो. एकही अंदाज बांधावा लागत नाही. आणि शेवटी २०२१ असेल तर २०२४, २०२५ लावून बघण्याची अक्कल त्या प्रोग्रॅमला असतेच.

पण हे साल बदलण्याची सवय त्यांना कुणी लावली? ‘दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, एक मोठं अक्षर हवं, एक अंक हवा, एक चिन्ह हवं’ हा नियम जगभर पसरला तो अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेतून. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली एका मुलाखतीत कबूल केलं की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आपल्याला आता पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टने नियम फिरवले : ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, चिन्हांचा आग्रह सोडा, लांबी वाढवा. वारंवार बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा बदलतात, एवढंच होतं. तुमचे वडील इतकी वर्षं नियम पाळत होते, नियमच चुकीचा निघाला. हे त्यांना याच शब्दांत सांगा, वहीचा विषय निघाल्यावर जो ताण येतो तो निम्मा उतरेल.

वहीसाठी तीनच पथ्यं. ती घराबाहेर न्यायची नाही. एटीएमचा पिन तीत लिहायचा नाही. आणि पानाचा फोटो कधीही काढायचा नाही. या तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. फोटो काढला की तो बहुतेक फोनमध्ये आपोआप क्लाउडवर चढतो, आणि कपाटातली वही क्षणात इंटरनेटवर जाते. तुम्ही ती वही बघितलीत तेव्हा ‘नंतर सावकाश बघू’ म्हणून फोटो काढला असेल, तर तो आजच पुसा, डिलीट केलेल्या फोटोंच्या फोल्डरमधूनही.

आता तुमची योजना. सगळे पासवर्ड तुमच्याकडे, सगळ्या खात्यांना तुमचा नंबर. दिसायला भक्कम आहे. रोजच्या वापरात काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. वडिलांना बिल भरायचंय. ओटीपी तुमच्या फोनवर येतो. ते तुम्हाला फोन करतात, “आकडा सांग गं.” तुम्ही मीटिंगमध्ये असता, घाईत आकडा सांगता. महिन्यातून चार वेळा हेच. म्हणजे ‘ओटीपी कुणालाही फोनवर सांगायचा नाही’ हा जो एक नियम पाळायचा, तो रोज मोडायची सवय तुम्ही दोघं मिळून लावून घेणार. उद्या कुणी तुमच्या वडिलांच्या आवाजात फोन केला, आणि आवाजाची नक्कल करणारी साधनं आता कुणालाही मिळतात, तर तुम्ही आकडा सांगून मोकळ्या व्हाल.

शिवाय सगळा भार एका नंबरवर. मोबाइल कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसवून दुसऱ्याचा नंबर नव्या सिमवर वळवून घेण्याचे प्रकार जगभर होतात. तसं तुमच्या नंबरचं झालं, किंवा नुसता फोन पाण्यात पडला, तरी एकाच वेळी दोन घरं कुलूपबंद होतील. इथे एक प्रश्न विचारते, राग मानू नका. आज रात्री तुमचा फोन हरवला तर तुमच्या स्वतःच्या ईमेलमध्ये तुम्ही कशा शिराल? बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना खातं उघडायला आधीच मिळवून ठेवलेले कोड, छापून ठेवलेत का? कुठे आहेत? याचं उत्तर द्यायला थोडा जरी विचार करावा लागला, तर वडिलांचा पसारा अंगावर घेण्याआधी आपला आवरा.

पासवर्ड मॅनेजरला माझा विरोध नाही, उलट तो वापरावाच. त्याचा मोठा फायदा लक्षात ठेवण्याचा नसून ओळखण्याचा आहे. साइटचा पत्ता अक्षरशः तोच असल्याशिवाय तो पासवर्ड पुढे करत नाही. बनावट साइट कितीही हुबेहूब असली तरी तो गप्प बसतो. हंट यांच्या बाबतीत तो गप्पच बसला होता, ती खूण थकव्यात सुटली. पण तो वडिलांचा स्वतःचा असावा, त्यांच्या फोनवर, त्यांच्या मुख्य पासवर्डने उघडणारा. बऱ्याच मॅनेजरमध्ये अडीनडीसाठी विश्वासाचं माणूस नेमता येतं, तिथे तुमचं नाव घाला. ‘तिजोरीच फुटली तर?’ असं ते विचारतील, आणि प्रश्न रास्त आहे. २०२२ साली ‘लास्टपास’ या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, होते, त्यामुळे ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता त्यांच्या तिजोऱ्या फोडणं अवघड होतं, ज्यांचा लहान किंवा कुठे तरी आधी वापरलेला होता त्यांची काळजी खरी होती. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून मुख्य पासवर्ड करा. आणि तो लिहायला वही आहेच. त्यांना मॅनेजर नकोच असेल तर प्रत्येक खात्याला वेगळा, लांब पासवर्ड आणि तो वहीत, हेही मला चालेल. आत्ता आहे त्यापेक्षा ते कितीतरी पटीने बरं.

व्हॉट्सॲपबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंय.

२०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात, मधल्या कुणाला, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. तुम्ही एक तिसरं टोक जोडलंत. तुमचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण वडिलांचा एखादा मित्र आपल्या आजारपणाबद्दल, मुलाच्या कर्जाबद्दल त्यांना लिहीत असेल, तर तो फक्त त्यांना लिहितोय असं समजून लिहितो. त्याची परवानगी वडीलही देऊ शकत नाहीत, तुम्ही तर मागितलीही नाही. आणि सुरक्षिततेच्याच हिशेबाने बघायचं तर त्यांच्या खात्याला आता तुमच्या लॅपटॉपचंही दार आहे, तो लॅपटॉप कोण कोण वापरतं, कुठे उघडा राहतो, हे सगळं त्यात आलं.

हे कळणार नाही असंही समजू नका. फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं की जोडलेल्या प्रत्येक यंत्राचं नाव आणि ते शेवटचं कधी चालू होतं ते दिसतं. आपण ज्येष्ठांना हल्ली सांगतोच ना, ती यादी अधूनमधून तपासा म्हणून? एक दिवस ते तपासतील. त्यांना वाटेल कुणी चोर शिरला. मग कळेल ती मुलगी होती. त्यानंतर पुन्हा कधी चुकीच्या लिंकवर बोट पडलं तर ते तुम्हाला फोन करणार नाहीत. फसवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, शरमेने गप्प बसलेला माणूस. ‘घरच्यांना सांगू नका’ हे वाक्य अशा अनेक फसवणुकींत ठरलेलं असतं, ते उगीच नाही.

तेव्हा आधी तो लॅपटॉप वेगळा करा, आणि त्यांना सांगा की असं केलं होतं, काढून टाकलंय. वाईट वाटेल त्यांना. पण तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

मग एक दिवस शेजारी बसा. फोन त्यांच्या हातात, बोटं त्यांची. सुरुवात बँकेपासून करावीशी वाटेल, पण करा ईमेलपासून. ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारली की बहुतेक साइट नवा पासवर्ड ठरवायची लिंक ईमेलवर पाठवतात. ज्याच्या हाती ईमेल त्याच्या हाती बाकीचं बरंच काही. त्याला नवा, कुठेही न वापरलेला पासवर्ड. त्यावर दुसरी पायरी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमधला कोड. तो कोड फोनमध्येच तयार होतो, मेसेजने येत नाही, त्यामुळे नंबर पळवून मिळत नाही. मात्र बनावट साइटवर आपल्याच हाताने टाकला तर तोही जातो, हे लक्षात असू द्या. बॅकअप कोड कागदावर छापून वहीत चिकटवा.

ईमेल उघडलंच आहे तर आणखी दोन गोष्टी बघा, कारण तुम्ही पासवर्ड बदललात असं लिहिलंय आणि लोक तिथेच थांबतात. त्या बनावट पानावर गेलेला पासवर्ड थोड्याफार फरकाने ईमेललाही होता. कुणी आत जाऊन आलं असेल तर पासवर्ड बदलून ते पूर्ण बाहेर जात नाही. सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर’ बघा. आलेल्या मेलची प्रत गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जावी किंवा बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात पडावेत अशी सोय चोर तिथे करून ठेवतात. खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर आणि पत्ता वडिलांचाच आहे ना, तेही बघा. मग ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’. बँकेला झाला प्रकार कळवला नसेल तर पैसे गेले नाहीत तरी कळवा.

त्यानंतर बँक. आणि व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. बाकीची खाती जशी जशी उघडतील तशी, एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर दोघंही वैतागाल.

जिथे ‘पासकी’ची सोय दिसेल तिथे ती जरूर घ्या. २०२२ साली ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ती उचलून धरली, आणि मला वाटतं ती तरुणांपेक्षा तुमच्या वडिलांच्या पिढीला जास्त सोयीची आहे. लक्षात ठेवायला काही नाही, टाइप करायला काही नाही, फोन ज्या बोटाने उघडतो त्याच बोटाने खातं उघडतं. टाइप करण्यासारखं गुपितच नसल्यामुळे बनावट साइटला देण्यासारखं हाती काही उरत नाही. फक्त ती घेण्याआधी फोन हरवला तर आत कसं यायचं ते ठरवून ठेवा.

लिंक ओळखायला शिकवायचं असेल तर साइटच्या पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र शिकवू नका. ते फक्त एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कुणी वाचत नाही, पलीकडे बसलेला चोर आहे की साव ते सांगत नाही. क्रोम ब्राउझरने तर २०२३ साली याच गैरसमजामुळे कुलूप काढून टाकलं. पत्ता वाचायला शिकवा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, पुढची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा, आणि तिच्या लगेच आधीचे शब्द वाचा. ‘तुमचीबँक डॉट खाते-तपासणी डॉट कॉम’ यात मालक ‘खाते-तपासणी डॉट कॉम’ आहे. तुमच्या बँकेचं नाव ही पुढे लावलेली निव्वळ पाटी आहे, ती कुणीही लावू शकतो. खरं तर याहूनही सोपा नियम आहे : मेसेजमधल्या लिंकने बँकेत जायचंच नाही. ॲप आपल्या हाताने उघडायचं किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करायचा. खातं खरंच बंद होणार असेल तर तिथेही कळेल.

फोटोंचंही बघून घ्या, सुरक्षिततेच्या गडबडीत ते राहून जातं. फोन आणि क्लाउड एकमेकांशी जुळलेले असणं म्हणजे बॅकअप नव्हे, इथून पुसलं की तिथूनही जातं. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर हवी. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर कंपनी ते मिटवू शकते, हेही माहीत असू द्या. आणि आपल्यामागे खात्याचं काय व्हावं हे ठरवायची सोय गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आणि ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ या नावाने आहे. त्यात वडील तुमचं नाव घालू शकतात, आज एकही पासवर्ड न सांगता. तो विषय तुम्ही काढू नका, जमलं तर स्वतःच्या खात्यावर त्यांच्यादेखत करून दाखवा.

एवढं करूनही त्यांनी ‘माझं मी बघतो’ म्हटलं तर? तर तो त्यांचा हक्क आहे. तेव्हा ताब्याऐवजी इशारे मागा. बऱ्याच बँकांत रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून ठेवता येते, मोठी रक्कम हलली तर मेसेज येतो. मोठी पुंजी वेगळ्या खात्यात, ज्याला ऑनलाइन दार नाही, असंही करता येतं. आणि लिंक चुकून उघडली असं सांगायला फोन आला तर पहिलं वाक्य ‘किती वेळा सांगितलं होतं’ हे असू नये, ‘कुठे काय टाइप केलंत?’ हे असावं. त्या उत्तरावर पुढची दहा मिनिटं ठरतात.

विसरभोळेपणा वाढतोय, एकच बिल दोनदा भरलं जातंय असं तुम्हाला खरोखर दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पासवर्ड मागून घेऊन त्यांच्या नावाने व्यवहार करू नका. बहुतेक बँकांत दुसऱ्या व्यक्तीला रीतसर अधिकार देण्याची किंवा खातं संयुक्त करण्याची पद्धत असते. त्यासाठी दोघांनी मिळून बँकेत जा, आणि त्यांना सगळं कळतंय, सही करता येतेय, तोवरच जा. तुम्ही केलेला व्यवहार तुमच्या नावाने नोंदला जाईल, उद्या भावाने विचारलं तरी दाखवता येईल.